मीठ कमी

पॅनेलवर तांबडा दिवा. खाली अक्षरं : मीठ कमी.
आठ दिवसांत सात गोणी ओतल्या, तुस्कानो सांगतो,
दिवा ढिम्म हलत नाही.
तो इथला लाइफगार्ड. तलाव बंद,
म्हणून गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीला
पंपरूमची चावी अडकवलेली.

कांजूरमार्ग, सहावा मजला, पोडियम.
निळ्या लाद्या हिरवट दिसायला लागल्यात,
कडेला बोट फिरवलं की बुळबुळीत.
नळीत पाणी घेतो, चार थेंब टाकतो.
क्लोरीन असतं तर पिवळं झालं असतं,
हळदीचा हात धुतल्यासारखं.
काहीच होत नाही.

केंकरे बाई, सेक्रेटरी, फोनवरून :
"अजून दोन गोणी मागवू का?
खातंय तरी किती हे मेलं!"

आधी वायर बघतो, मग फ्यूज,
मग पंपाचा दाब, मग नळीतली ती इवली पाकळी
जी पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगते.
सगळे खरं बोलतायत.
मग जे कंपनीच्या पुस्तकात नाही ते करतो :
ओंजळभर पाणी जिभेवर.
खारट. चांगलंच खारट.

बाबा असंच करायचे.
इथून दिसतोय तोच आगर, हायवेच्या पलीकडे,
जिथे आता कुणीच मीठ ओढत नाही.
वाफ्यात बोट बुडवून चाखायचे, थुंकायचे,
"आजून दोन दिस ऱ्हवू दे," म्हणायचे,
आणि तिसऱ्या दिवशी पाण्यावर साय धरायची.
मालकाच्या माणसाकडे काचेची नळी होती, आकड्यांची.
तो आधी बाबांना विचारायचा, मग आकडा लिहायचा.

घरी मात्र रोज, पहिल्या घासाला :
"मीठ कमी हाय गो."
आई काही बोलायची नाही.
सुरुवातीला बोलत असेल.
बरणीच पुढे सरकवायची.

चार स्क्रू. सेल काढून उजेडात धरतो.
पट्ट्यांच्या मधे पांढरा थर,
तापातल्या जिभेवर धरतो तसा.
तुस्कानो वाकून बघतो : "हे मीठच ना?"
चुना आहे, म्हणतो मी. टँकरच्या पाण्यातला.
मीठ समोरून वाहत होतं, याला लागत नव्हतं.

बादलीत आधी पाणी, मग ॲसिड.
उलटं कधीच नाही, हे नवीन पोरांना
मी दम देऊन शिकवतो.
सेल बुडवला की फेस चढतो, सूं आवाज येतो,
नाकावर रुमाल धरून आम्ही दोघं
दूध उतू जाईल की काय अशा नजरेनं बघत उभे.

बी.पी. निघालं तेव्हा डॉक्टर आईवरच ओरडले.
कागदावर लिहून दिलं, भिंतीला चिकटवलं.
बरणी माळ्यावर गेली.
बाबा जेवायचे, पण चावत राहायचे नुसते,
कुणी परक्यानं वाढल्यासारखे.

दुपारी दीडला सेल परत जागेवर.
बटण. पंप घरघरतो. आकडे वर चढायला लागतात,
चढतच राहतात.
तांबडा दिवा गेला. दुसरा लागला, पिवळा : मीठ जास्त.

"आता काय म्हणतोय?" फोनवर केंकरे बाई.
सांगतो. बराच वेळ काही आवाज नाही.
"म्हणजे सात गोण्यांचे पैसे…?"
सात गोण्या आणि आता वर दोन टँकर, बाई.
फूटभर पाणी काढून टाकायचं, गोडं भरायचं.

व्हॉल्व्ह उघडून बसलोय पायरीवर.
पाणी उतरतंय, बोटभर, दोन बोटं.
तुस्कानो डबा पुढे करतो. वसईची केळी, भात,
बायकोनं केलेली मसूरची डाळ.
"कशी झालीय?"
पहिल्या घासाला काहीतरी तोंडावर येतं.
गिळतो.
मस्त, म्हणतो, आणि नळी घेऊन उठतो,
चार थेंब अजून टाकून बघायला.